पुन्हा सही

डर्वलाला माझा परिचय हवाय
ऑफिसच्या पुस्तिकेसाठी, दीडशे शब्दांत, सोमवारपर्यंत.
शिक्षण लिही, खटले लिही,
आणि थोडी पार्श्वभूमी, म्हणते, लोकांना आवडतं ते.

तर. ओलांदिना फ्रेइतास. वय अठ्ठावीस.
जन्म बाऊकाऊचा, तिमोर बेटावरचा.
वाढले उत्तर आयर्लंडात, डंगॅननला,
कोंबडीच्या कारखान्यापासून एका बसच्या अंतरावर.
बेलफास्टला कायदा शिकले.
कामगार न्यायाधिकरणात उभी राहते.
इथवर सगळं खरं आहे.

पार्श्वभूमीला मात्र क्लोरीनचा वास येतो.
आई रात्रपाळीहून यायची
तेव्हा तिची बोटं उघडायची नाहीत.
कोमट पाण्यात मी एकेक सरळ करायचे
आणि ती मला सांगायची, मिनिटाला किती कोंबड्या,
एखादी बाई दागिन्यांचं वजन सांगते तशी.

घरात इंग्रजी एकटीलाच येत होतं, मला.
म्हणून डॉक्टरकडे मी, घरमालकाकडे मी.
आईच्या पोटातली गाठ
आईच्या आधी मला कळली.

नऊ वर्षांची होते. तिच्या ऑपरेशनची रजा
संपायला आठवडा होता, आणि ऑफिसातून बोलावणं आलं.
टेबलापलीकडे एक गोड माणूस.
त्याने मला टॉफी दिली, कागद सरकवला,
वाचून दाखव आईला, म्हणाला.
वरच एक शब्द होता, शाळेत न आलेला.
बाईंनी शिकवलं होतं तसा मी तो फोडला:
आधी 'री', म्हणजे पुन्हा.
मग 'साइन', म्हणजे सही.
"पुन्हा सही कर म्हणतात," मी सांगितलं,
"पहिली नीट आली नसेल."
आईने केली. जीभ दातांत धरून,
या वेळी अगदी वळणदार.

टॉफी घरी येईपर्यंत पुरली.

राजीनामा.
चौदाव्या वर्षी कळलं, सिल्वेस्त्रेकाकांचा कागद वाचताना.
त्यांना अर्थ सांगितला आणि जिन्यात जाऊन बसले.
आईला बोलले नाही.
ती तोवर मशरूमच्या शेडमध्ये लागली होती,
अंधारात, ओणवी, टोपलीमागे पेन्स मोजत.

कायद्यात मुदत तीन महिन्यांची, एक दिवस कमी.
भिंतीवरचं कॅलेंडर बघत
हे मी रोज कुणाला तरी फोनवर सांगते.
माझा स्वतःचा दावा कधीच मुदतीबाहेर गेलाय,
आणि त्यात प्रतिवादी कोण, तेही धड ठरत नाही.

गेल्या मंगळवारी रुम्याना आली, बल्गेरियाची,
बेकरीतून काढलेली. सोबत मुलगी,
गणवेशातली, पुढचे दोन दात पडलेले.
काय झालं, मी विचारलं.
मुलीने तोंड उघडलं.
तू नाही, मी म्हटलं, जरा जोरातच.
तिला बिस्किटांचा डबा दिला, खिडकीजवळची खुर्ची दिली,
आणि तासाचे पैसे मोजून दुभाषी बोलावला.

तो बोलत होता. ती पाय हलवत ऐकत होती.
मग पाय थांबले, बिस्कीट हातात तसंच.
"आई तसं नाही म्हणाली.
हे म्हणतात 'गेले'.
ती म्हणाली, 'पाठवलं'."
दुभाष्याने रुम्यानाला परत विचारलं.
पाठवलं, पाठवलं, ती म्हणाली, दोनदा,
आणि रडायला लागली.
मी जुना शब्द खोडला, नवा लिहिला.
सगळा खटला आता त्या एका क्रियापदावर उभा आहे.
मुलीला काय म्हणावं मला सुचलं नाही.
डब्यात अजून बिस्किटं आहेत, एवढं म्हटलं.

परिचयाचे थोडे शब्द उरलेत.
काल आईला विचारलं, तुझं नाव घालू का?
"घाल की," म्हणाली. "बेंदिता, पूर्ण.
आणि कोंबड्यांचा आकडा चुकवू नकोस, मिनिटाला बत्तीस."
मग चष्मा शोधत,
"सही कुठे करायची ते दाखव."